रोजंदारीची साक्ष

दिवसाला तीस युरो, दुपारचं जेवण,
आणि बोलायचं ते दुसऱ्याचं.
नऊ दिवस मी त्यांची जीभ होते.

दहा देशांतली एकवीस पोरं, दोन पांढऱ्या व्हॅन,
ब्रेक लागला की मागे गिटारी ठणकायच्या.
सगळ्यांच्या अंगात तोच केशरी टी-शर्ट,
पाठीवर एवढंच : जा.
आणि आमच्या मोल्दोव्हातल्या गावांतून
जाऊ शकणारे सगळे आधीच गेलेले,
कोणी जर्मनीत भिंती लिंपायला,
कोणी इटलीत म्हातारी माणसं धुवायला.
माझी आई अकरा वर्षं पादोव्हात
दुसऱ्याच्या आईला भरवते.

संध्याकाळी सांस्कृतिक भवनात,
जिथे भिंतीवरचा काचतुकड्यांचा अंतराळवीर
एका डोळ्याने आंधळा झालाय,
ते एकेक करून साक्ष द्यायला उभे राहायचे
आणि शेजारी मी, दुसरा माइक धरून.

इंग्रजीतल्या 'मी'ला ना मिशी ना वेणी.
आमच्याकडे नुसतं हरवायचं म्हटलं
तरी आधी ठरवावं लागतं, बाई की पुरुष.
मी इमानाने ठरवत गेले.
जुस्सारा बोलली की : मी हरवले होते, मी सापडले.
ओत्निएल बोलला की : मी हरवलो होतो, मी सापडलो.
दारू माझी नव्हती, ती मी सोडली.
बाप माझा नव्हता, त्याला मी क्षमा केली.
आठवड्यात चौदा वेळा माझं तारण झालं
आणि चौदाही वेळा घरी येऊन मी कोबी चिरला.

आठव्या संध्याकाळी वैसाले उठला.
फिजीचा. दाराएवढा.
त्याची साक्ष मला पाठ होती :
वादळ, होडी, प्रार्थना, किनारा.
त्या दिवशी तो होडीपाशीच थांबला.
म्हणाला, होडीत भाऊही होता.
म्हणाला, हे मी सांगत नाही कधी,
शेवट नीट बसत नाही.
म्हणाला, अजून रोज पहाटे उठतो, विचारतो,
पलीकडून कोणी बोलत नाही.

वीबे, त्यांचा डच म्होरक्या, मागच्या रांगेतून
हातानेच सांगत होता, आटप, आटप,
जणू लोकरीचा गुंडा करतोय.
मी माइक तोंडाशी नेला :
"अजून रोज पहाटे उठते मी. विचारते."

उठते.
विचारते.

पहिल्या रांगेत पारास्किवा,
मांडीवर आलुबुखारांची पिशवी.
अर्धी बहिरी, पण तेवढं मात्र तिला ऐकू गेलं.
"कोण गं, अग्लाया?" भर सभेत तिने विचारलं,
"तो का तू?"

कोणी हसलं नाही.
वैसाले माझ्याकडे वळला : काय म्हणतात आजी?
माझं कामच होतं ते. सांगितलं,
त्या विचारतायत, कोण.

तो थोडा थांबला. "दोघं," म्हणाला.

नऊ दिवसांतला हा एकच शब्द
मी पलीकडे नेला नाही.
पारास्किवाने तरी पिशवीची गाठ सोडली,
उठून त्याच्या ओंजळीत फळं ओतली
आणि रिकामी पिशवी मला धरायला दिली.

मग वीबेने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले.
ज्यांना हवाय तो, त्यांनी हात वर करा.
मला डोळे मिटायची सोय नव्हती,
मोजायचंही मलाच होतं.
सहा.
एक पतंग सारखा माइकवर बसू पाहत होता,
तो मी हाकलला.

शेवटच्या सकाळी पाकीट. दोनशे सत्तर, रोख.
सहीच्या कागदाखाली त्यांचा अहवाल :
गाव, तारीख, हवा कोरडी,
वर आलेले हात, सात.

पेन माझ्याच हातात होतं.
बाहेर व्हॅनने दोनदा हॉर्न दिला.
खोडलं नाही मी काही.
वरच्या कागदावर पूर्ण नाव लिहिलं, आईच्या आडनावासकट,
आणि पाकीट न मोजताच उचललं.