खालील सही करणार

मी, खालील सही करणार,
वय बावीस, धंदा मजुरी, राहणार पारडी.
मी, खालील सही करणार,
वय एकाहत्तर, धंदा काही नाही.
तहसीलच्या टिनाखाली तेवीस वर्षं
दिवसाला तीस-तीस माणसं झाले मी,
प्रत्येकाचा "मी" पन्नास रुपयांत,
स्टॅम्प वेगळा.

आणि गुरुवारी रात्री कूलरसमोर
स्वतःचं पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा
"मी"च्या पुढे काय येतं
हेच बोटांना ठाऊक नव्हतं.

भाच्यानं सगळं लावून दिलं होतं.
आठवड्याला एक पत्र, बटण दाबलं की
एकोणीस जणांच्या मोबाइलवर एकदम.
"मावशी, आता फक्त लिही."
फक्त.

पहिल्या पत्रात मी "रसिकहो" म्हटलं.
मंगल कार्यालयातल्या निवेदिकेचा शालू नेसून उभी राहिले,
पदर सांभाळण्यातच पत्र संपलं.
दुसऱ्यात "अंतर्मनाच्या गाभाऱ्यात" शिरले.
आमच्या गोळीबार चौकात मला माहीत असलेला गाभारा एकच,
अन् त्याची किल्ली पुजाऱ्याच्या खिशात.
तिसरं शुद्ध होतं. इतकं शुद्ध
की बॅटरीत घालावं, पिऊ नये.

शेजारच्या टेबलावरची स्टॅम्पवाली, इंदू हेडाऊ,
डबा उघडता उघडता म्हणाली,
"बाई, तुयं पत्र आलं माह्या मोबाइलवर.
पण आलं कोनाकडून?"
वर लोणचं वाढलं, त्यामुळे
रागावताही आलं नाही.

मग मे महिन्यात पारशिवनीकडून एक म्हातारे आले.
सातबाऱ्यावर डोमा, आधारवर डोमाजी,
शाळेच्या दाखल्यावर, कोण्या मास्तराच्या हौसेनं, दामोदर.
नेहमीचा मसुदा. डोळे मिटून टाइप होतो:
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
वाचून दाखवलं. म्हातारे थांबले.
"ह्या दामोदरले," म्हणाले, "कोनं हाक नाई मारली कधी.
पाटीवरच राहून गेलं पोरगं.
त्याच्या बी वतीनं करू का सही?"
करा, म्हटलं.
तीन मिनिटं लागली त्यांना. मागचा माणूस
घड्याळ बघत होता.

त्या रात्री कूलरचा पंप जळाला.
वाळ्याच्या ताट्या कोरड्याठाक,
अंगावर येणारी हवा भट्टीच्या तोंडातली.
गच्चीवर चटई टाकली. "रसिकहो" लिहिलं, खोडलं.
मग लिहिलं:

काय सांगू तुमाले, कूलर बंद पडला
अन् मी एका बुढ्याचा विचार करून राहिली.

वाचलं. हे तर टिनाखालचं बोलणं,
डब्यावरचं. आईचं,
मागावर बसून अडकल्या धोट्याशी भांडतानाचं.
सातवी ब मध्ये बाईंनी याच "करून राहिली"ला
लाल शाईचं कुंपण घातलं होतं.
कुंपण अजून तिथंच होतं.
मी वाकून खालून निघाले.

दोन वाजेपर्यंत लिहीत होते. मध्येच कुठंतरी
"सबब" आलं, "येणेप्रमाणे" आलं.
काढलं नाही. त्या शब्दांनीच तर
तेवीस वर्षं घरात पीठ आणलं.
गाभारा मात्र फिरकला नाही.
किल्ली पुजाऱ्याकडेच बरी.

शुक्रवारी दोघांनी नाव काढून घेतलं. उरले सतरा.
एकानं कळवलं, व्याकरणाकडे लक्ष द्यावे.
इंदू हेडाऊ जेवताना पत्राबद्दल काहीच बोलली नाही.
हात धुवून आली, पदराला पुसले, मग म्हणाली,
"मंग? झालं का त्या बुढ्याचं काम?"

मला माहीत नव्हतं.
रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं:
पारशिवनी. डोमाजी. विचारणे.
तोवर पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं.
वय? म्हटलं.
धंदा?