उणे ऐंशी

थेल्मा हेडली निवृत्त झाली त्या आठवड्यात
आम्ही तिचा फ्रीझर रिकामा केला.
उणे ऐंशी अंश. खणाखणात बर्फ, बर्फात डबे, डब्यांत कुप्या,
कुप्यांवर तिचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
गाय. नाक. मार्च एक्क्याऐंशी.

हसू नका, सुरुवात गायीच्या नाकापासूनच झाली.
दर मंगळवारी पहाटे, टाइन नदीवरच्या वाऱ्यात सायकल रेटत
ती गेट्सहेडपलीकडच्या कत्तलखान्यात जायची.
तिथला नॉर्मन नाकाचे पडदे बाजूला ठेवायचा
कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
"घे, तुझी प्रेमपत्रं."

ती पांढरी, ओली, निसरडी कूर्चा
ती मसुरीएवढ्या चकत्यांत कापायची,
गुलाबी द्रवात बुडवून उबेला ठेवायची.
आठवडाभर काही नाही. दोन आठवडे, काही नाही.
मग एका सकाळी चकतीच नाही.
नुसता गुलाबी द्रव.

कोण खातं?
एवढ्या एका प्रश्नावर बावीस वर्षं गेली.

वडील वॉल्सएंडच्या गोदीत. जहाजाच्या पोटात,
थंड पत्र्यावर, गुडघ्यांवर, जन्मभर.
संध्याकाळी जिन्यावर त्यांचे गुडघे वाजायचे
आणि घरातलं कुणीतरी न बोलता खुर्ची मोकळी करायचं.
हे तिने कुठल्याच शोधनिबंधात लिहिलं नाही.
खालच्या खणात एक डबा मात्र होता:
गुडघा. हाड आणि कूर्चा. पुरुष, अडुसष्ट.
नाव नाही. नाव लिहायचं नसतं.

तिला सापडली ती एक कात्री.
कूर्चेचा दोर तीन पदरी, पिळाचा, सहजी न तुटणारा,
पण त्यात एकच जागा अशी
की तिथे पातं लागलं की सगळा पीळ उलगडतो.
मग कात्रीला म्यान शोधणं आलं.
म्यान सापडलं, गोळी झाली, गोळी माणसांत गेली,
आणि माणसांचे खांदे आखडले.
सहाव्या महिन्यात चाचणी बंद.
त्या वर्षी थेल्माने परसात लीक लावले, बोटभर पातीचे मनगटाएवढे केले,
क्लबाच्या स्पर्धेत तिसरी आली.
कुणी विचारलं तर तेवढंच सांगायची.

गोदी बंद पडल्यावर कीथ प्यायला लागला. धाकटा भाऊ.
त्याच्या यकृताचा तुकडा तिने स्वतः पाहिला नाही,
दुसऱ्या कुणाचा पाहिला, तसाच असणारा,
लाल रंगवलेला, काचेवर.
लाल धागे, जाळं, जाळ्यात अडकलेली बेटं.
माणसाचं काळीज दगडाचं होतं म्हणतात,
ते खरोखर होतं: सावकाश, धाग्याधाग्यानं.
आणि धागा ओळखीचा. जवळजवळ तोच दोर,
हाडात असतो तो, जो नसता तर आपण उभेच राहिलो नसतो.
इथे नको तिथे विणलेला.
कात्रीही होती तिथे. फक्त म्यानात.

एकावन्नाव्या वर्षी तिने बाजू बदलली.
जिला जन्मभर आवरलं तिलाच म्हणाली, काप.
नव्या मुलांना वाटलं, बाईने विषय सोडला.
हाडाची संशोधक विषय सोडत नाही, फक्त
दोराचं दुसरं टोक धरते.
बारा आठवड्यांत उंदरांची यकृतं मऊ पडली.
कीथकडे बारा आठवडे नव्हते.

शुक्रवारी मी तिला फोन केला: खालच्या खणातल्या डब्याचं काय करू?
तिकडे बराच वेळ पुलावरच्या पाखरांचा कलकलाट.
"नियमात काय आहे?"
पिवळी बादली, मी म्हटलं.
"मग पिवळी बादली."

डबा हातमोज्यात धरून उभा होतो.
बर्फ वितळला, अक्षर ओलं झालं, थोडं पसरलं.
लिफ्ट बंद होती त्या दिवशी.
जिन्यावर कुणाचे तरी गुडघे वाजले,
एक पायरी, थांबून दुसरी.
मी डबा खाली ठेवला
आणि खुर्चीवरचे कागद उचलले.