ओठांवरून

तीस वर्षं लुमावर गेली,
त्यात वरचे सूर कानातून गेले.
डॉक्टर म्हणाला, बारीक आवाज आता विसरा.
विसरलो. पैंजण, मोबाईलची टुणटुण,
अंबूबाईचं रात्रीचं पुटपुटणंही.

रविवारी श्रावंती मला नान्नजच्या माळावर नेते,
स्कूटीवर, मधे डबा ठेवून.
कुसळं धोतरात घुसतात.
आजोबा, वटवट्या!

दिसतो मला. बोरीच्या शेंड्यावर,
अंगठ्याएवढा जीव, शेपूट ताठ उभी,
चोच उघडमीट, गळ्याखालची पिसं थरथरतात.
आवाज नाही.

काय म्हणतोय?
चिविट्, चिविट्, चिविट्, एवढंच.
आणि उडताना चट्‌चट् करतो,
प्लगमध्ये ठिणगी पडावी तसा.

मग तो गवतात उतरतो,
काड्यांमधून उंदरासारखा सरकतो,
हिरवी अळी धरून वर येतो.
फांदीवर आपटतो. गिळत मात्र नाही.
चोच भरलेली, तरी चोचीच्या कडेनं वटवट चालूच.

आमच्या शेडमध्ये
खडखडाटात कुणाला काय ऐकू यायचं?
ओठांवरून वाचायचो:
धागा तुटला. चहा आला. मालक आला.

श्रावंती वाकते. झुडपात दोन पानं
कोळ्याच्या जाळ्यानं टाचलेली,
आत काहीतरी हलतंय.
मी तिचा हात धरतो, मागे ओढतो.
अहो, अजून नीट पाहिलंसुद्धा नाही!

तो जा म्हणतोय, मी म्हणालो.
तुम्हाला ऐकू आलं?

नाही गं.
त्याला ओठही नाहीत.