सोमवार, पंधरा फेब्रुवारी १९७१

शनिवारी पाव एक शिलिंग अकरा पेन्स.
आज साडेनऊ.
"स्वस्त झाला की!" म्हणाले म्हातारे ब्लँचर्ड.
"आकडा आखडलाय हो," ईनिड म्हणाली, "पाव तोच."

बंदरावरून वाऱ्यासोबत माशांचा वास.
टपालाचा संप, चौथा आठवडा;
ॲबर्डीनहून लेकाचं पत्र
कुठल्याशा पोत्यात पडलंय.
चंद्रावर गोल्फ खेळून माणसं
परतसुद्धा आली.

रात्री ती जुन्या पेन्या वेगळ्या काढते.
एकीवर व्हिक्टोरिया,
नाक झिजून सपाट.
ती एक एप्रनच्या खिशात.

दहा बोटांनी जन्मभर बारा मोजले.
आता शंभराचा पौंड, सोपा हिशोब,
तरी दर वेळी
दोन कुठेतरी कमी भरतात.