दहा वाजून चार मिनिटं

नियम सोपा आहे : रात्री दहानंतर शिकवायचं नाही.
सोलमधल्या नोवोनला, फ्राइड चिकनच्या दुकानावरचा
चौथा मजला.
टॉर्च नि पावतीपुस्तक घेऊन मी जिना चढतो.
वर कुणीतरी आधीच कळवलेलं असतं.
पोचेपर्यंत दिवे गेलेले, दाराला आतून कडी.

पांगबाई दार किलकिलं करतात.
"कुणी नाही साहेब, झाडलोट चाललीय."
अंधारात झाडलोट!
टॉर्च फिरवतो : गुडघे, दप्तरं,
श्वास धरून बसलेली तेवीस पोरं,
फळ्यावर अर्धवट समीकरण
आणि शेवटच्या बाकावर एक,
वहीवर गाल, तोंड उघडं,
गाढ.

गणवेशावर नाव : दो-ग्यम.
दिवे घालवल्याला चारच मिनिटं झालीत.
शेजारची मुलगी त्याला कोपरानं ढोसायला जाते.
मी ओठांवर बोट ठेवतो.

कलम, दंड, सही : लिहायला उजेड लागतो.
बटणावर माझा हात आहे.
पोरांना झोपायला घरी धाड, म्हणून सरकार मला पगार देतं.
घरी गेला की हा तोंड धुवेल,
दोनपर्यंत टेबलाशी बसेल.
माझाही बसतो.

पांगबाई कुजबुजतात, "दिवा लावू का?"

थांबा जरा.