एल्फला काय म्हणायचं

सोमवारपर्यंत शब्द हवाय प्रकाशकाला.
मुलांचं पुस्तक, सोळा पानं,
पान तीनवर एक चिमणा माणूस:
टोकदार कान, हिरवी टोपी,
मोज्यातून बाहेर डोकावणारा अंगठा.

परी लिहिलं, खोडलं.
परी बाईमाणूस, आणि फारसीतून
इतक्या लांब उडत आलेली, दमलेली.
यक्ष लिहिला. त्याला पोट सुटलंय,
शिवाय प्रश्न विचारल्याशिवाय तो पाणी पिऊ देत नाही.
ठेंगू? शाळेत मला म्हणायचे.

शेवटची फेरी पकडून चोडणला आले.
मानशीवर इनास बसला होता,
ओहोटीची वाट बघत, दाराला जाळं बांधून.
बॅटरीच्या उजेडात त्याला पान दाखवलं.
"दुएंद," तो म्हणाला. "बापूय सांगायचा.
घरात लपून राहता, चमचे चोरता."
मग टोपीवर बोट ठेवून:
"पूण हांगा कसो येतलो? हाका पोंवूंक येना."

मग इथे कोण असतं?

त्याने बांधाकडे हनुवटी केली.
पलीकडचा शाणू त्याला देवचार म्हणतो.
खांद्यावर घोंगडी, हातात दांडा,
रात्रभर बांधावरून चालतो, भोक पडलं तर खाकरतो.
दरसाल त्याला रोट, केळी, एक विडी
आणि वहाणांचा नवा जोड.
जुन्यातली डावी जास्त झिजलेली असते,
बांध त्या बाजूला कलता आहे ना.

इनासच्या बायकोच्या प्रार्थनेच्या पुस्तकात
हाच शब्द सैतानाच्या जागी छापलाय.
ती तो वाचताना आवाज खाली आणते.
खारं पाणी शेतात शिरलं त्या वर्षी
शाणूने त्याला नारळ दिला,
इनासने शिव्या.
"आयकलें ताणें," इनास म्हणाला. कुणाचं, ते नाही सांगितलं.

आणि खाप्री?

तो जरा वेळ जाळ्याची गाठ चाचपत राहिला.
"तो वाट चुकवीना. वाट विचारता."

माझ्या कोशात आहे: खाप्री, पुल्लिंगी, एक भूत.
एवढंच.
जहाजाच्या पोटात घालून आणलेला माणूस,
मोझांबिकहून की आणखी कुठून,
कुणाच्या तरी पालखीला खांदा देऊन मेलेला,
तो या दोन शब्दांत मावत नाही.
तो स्वतःला काय म्हणायचा,
आणि त्याच्या आईने लहानपणी अंधाराकडे बोट करून
कुणाचं नाव घेतलं होतं,
ते या बेटावर कुणाला ठाऊक नाही.

पाणी फिरलं. दार करकरलं.
जाळ्यात शेवटो, थोडी सुंगटं, एक प्लास्टिकची चप्पल.
इनासने चप्पल परत टाकली नाही,
बांधावर नीट उभी करून ठेवली.

सोमवारी कळवलं: एल्फच ठेवा.
ल अर्धा, फ पूर्ण.
उतरू दे त्याला धक्क्यावर त्या टोपीसकट,
भिजू दे.
टिकला तर दरसाल वहाणा लागतील,
लहान मापाच्या.