शेजारचं वजन

चरईत दोन इमारतींच्या मधल्या बोळात
चाचणीचा खड्डा घेतला.
सव्वा मीटरवर कुदळीचा आवाज बदलला.
बिराजदार मुकादम म्हणाला, थांबा, आता हातानं.

शरयू-कुंजचं फुटिंग.
कुठल्याच नकाशात नसलेलं, एकाहत्तर सालचं,
कड वाकडी, पोटात विटांचे तुकडे,
खाली पिवळा मुरूम, ओला.

आमच्या तळघराची भिंत त्याच्या मध्यापासून
दोन मीटर दहावर उभी राहणार.
तिच्या अंगावर काय येईल, ते मला काढायचंय.

तीन मजले, बारा बिऱ्हाडं, गच्चीवर टाक्या.
तळमजल्याच्या खिडकीतून म्हाप्रळकर वाकले,
भुवयांवर पीठ.
"आमची गिरणी धरलीत का?"
धरली.
"आणि पोती?"
पोतीही.
"मंगळवारी बंद असते हो."
मंगळवार आम्ही धरत नाही.

रात्री वही उघडली.
वजन सरळ खाली जात नाही,
परकराच्या घेरासारखं पसरत जातं
आणि घेराची कड
दुसऱ्याच्या भिंतीला लागते.
फुटिंगच्या वर काही नाही,
खूप खाली गेलं की विरतं.
खरा जोर मधेच,
जमिनीखाली अडीच मीटरच्या आसपास,
जिथे कुणी कधी खिळासुद्धा ठोकणार नाही.

आणि शेवटी तो नियम, दरवेळी मी अडखळते तिथे:
भिंत मुळीच हलणार नसेल
तर उत्तर दुप्पट करा.

जरा झुकली असती तर निम्म्यात सुटली असती.
पण ती झुकली
की पलीकडे मुरूम सैल,
शरयू-कुंजच्या जिन्याला केसाएवढी भेग,
मग बोटाएवढी.
वरून स्लॅबनं धरलेली, खालून राफ्टनं,
नाही हलणार ती.
दुप्पट केलं. पुन्हा तपासलं.
सोळाची सळई वीसची केली, आणि चहा गार झाला.

सकाळी जुन्या भेगांवर
काचेच्या पट्ट्या चिकटवत होते, तारखा घालून.
म्हाप्रळकर मागे उभे.
"किती येतो आमचा?"
एकोणतीस किलोन्यूटन, चौरस मीटरला.
"किलोत सांगा."
तीन टन. जवळजवळ.

ते बराच वेळ बोळाकडे बघत राहिले.
"एवढे आम्ही?"
मग आत गेले. पट्टा थांबला.
"उद्यापासून पोती पलीकडच्या भिंतीला लावतो,"
आतूनच म्हणाले.

पोत्यांनी उत्तरातला दशांशही हलत नाही.
मी सांगितलं नाही.